मैदानावर पंक्तिप्रपंच नको

(वर्धापनदिन सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मंडळात केलेले भाषण)



यंदा बाहेरून वक्ता न बोलाविता आपल्यापैकीच एकीने चार शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने ठरविले आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. विषय माझा मीच निवडावा असे सांगण्यात आले. स्वयंपाक, शिवणकाम, मुलांचे आजार हे विषय दरवर्षी होतात आणि ते हवेतच. पण मी विषय घेतला आहे हॉकीचा. तो ऐकून काहीजणी हसल्या. "हॉकीचे आणि आपले काय नाते गं?" असे त्यांनी विचारले. ते नाते काय, तेच आज सांगावयाचे आहे. आपल्या वस्तीतल्या ज्या मुलाला हॉकी खेळावीशी वाटते त्याला ती खेळता यावी. घरात पैसा नाही म्हणून, किंवा हातपाय, डोळे, कान, बुद्धी यांत काही उणे आहे म्हणून कोणाला कठड्यावर बसून राहावे लागू नये. आणि हे काम आपल्यासारख्या बायकांच्या हातचे आहे, एवढेच माझे म्हणणे.

आपण खडकीच्या राहणाऱ्या. खडकी म्हणजे छावणी, दारूगोळ्याचा कारखाना आणि हॉकी. गोऱ्या पलटणींनी हा खेळ ठिकठिकाणच्या छावण्यांतून आणला. पलटणी गेल्या, खेळ मागे राहिला. धनराज पिल्ले ह्यांचा जन्म १९६८ सालचा, आपल्या खडकीचाच. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची निगा राखावयाचे. घर कामगारांच्या वसाहतीत. मोडक्या स्टिका आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेले चेंडू घेऊन चिकट मातीच्या मैदानावर हा मुलगा शिकला. पुढे १९९२ पासून २००४ पर्यंत चार ऑलिंपिक खेळला, आणि १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघाने सुवर्णपदक मिळविले तेव्हा संघाचा कर्णधार होता. घरात ओढगस्त असताना आईने आम्हां भावंडांना खेळू दिले, असे ते आवर्जून सांगतात. त्या माउलीचे ऋण खडकीने विसरू नये.

पण भगिनींनो, ह्या गोष्टीचा उलटा अर्थ काढणारेही भेटतात. "मोडक्या स्टिकने धनराज झाला, मग आताच्या पोरांना नवी कशाला हवी?" असे ते म्हणतात. धनराज एक झाला. त्याच्यासारख्याच मोडक्या स्टिका घेऊन खेळणाऱ्या किती मुलांचा खेळ स्टिकचा दुसरा तुकडा पडला त्या दिवशी संपला, याची मोजदाद कोणी ठेवली आहे काय? गरिबीने खेळाडू घडत नाहीत. गरिबी असूनही एखादा निसटतो आणि वर येतो. बाकीचे खालीच राहतात. शिवाय प्रत्येक मुलाने धनराज व्हावे असेही माझे म्हणणे नाही. पोळी सगळ्यांनाच लागते, पुढे आचारी होणार असेल त्यालाच नव्हे. तसाच खेळ. तासभर धावावे, घाम यावा, चार सोबती मिळावेत, हरल्यावर रडू आवरावयास शिकावे, ही प्रत्येक पोराची गरज आहे.

आता हा खेळ पूर्वीपेक्षा महाग का झाला, ते सांगते. १९२८ ते १९५६ पर्यंत आपल्या देशाने ऑलिंपिकमध्ये ओळीने सहा वेळा हॉकीचे सुवर्णपदक जिंकले आणि १९६४ साली सातवे. हे सारे गवतावर. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकला प्रथमच कृत्रिम हिरवळीवर सामने झाले आणि त्या वर्षी आपला नंबर सातवा लागला. तेव्हापासून मोठा खेळ त्या हिरवळीवरच गेला. ती हिरवळ अंथरावयास फार पैसा लागतो, तिच्यावर पाणी मारावे लागते, म्हणून ती थोड्याच ठिकाणी असते. पिंपरीच्या नेहरूनगरचे ध्यानचंदांच्या नावाचे मैदान किंवा बालेवाडीचे क्रीडासंकुल गाठावयाचे तर मुलाला रोज बसभाडे हवे, वेळ हवा आणि बरोबर कोणीतरी मोठे माणूस हवे. पूर्वी स्टिक तुतीच्या लाकडाची असे. आता मोठ्या सामन्यांतून कार्बनच्या आणि काचतंतूच्या स्टिका दिसतात, त्यांची किंमत हजारांत जाते. पोटऱ्यांवर बांधावयाचे संरक्षक, दातांसाठी रबरी कवच, घसरणार नाहीत असे बूट हे आणखी वेगळे. गोलरक्षकाचे शिरस्त्राण, पायांचे पॅड, छातीचे कवच आणि हातमोजे एकत्र घ्यावयाचे म्हटले तर मध्यम घरातही नवराबायकोंत बोलणी होतील.

आणि गंमत अशी की स्टिक मुलाच्या उंचीप्रमाणे लागते. लहानग्यांच्या स्टिका अठ्ठावीस-तीस इंचांपासून असतात, मोठ्यांची छत्तीस-सदतीस इंचांची. म्हणजे आज घेतलेली स्टिक दोन वर्षांत आखूड होते. शाळेच्या गणवेशाचे आपण काय करतो? थोरल्याचा धाकट्याला, धाकट्याचा शेजारच्याला. स्टिक मात्र माळ्यावर पडून राहते. आपल्या किती घरांच्या माळ्यांवर अशा स्टिका धूळ खात आहेत, एकदा शिडी लावून पाहा.

हरियाणातील शाहाबाद गावच्या राणी रामपाल ह्यांची हकीकत तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. वडील गाडा चालवून संसार हाकीत. घरात घड्याळ नव्हते, तेव्हा पहाटे सरावाला उठविण्यासाठी आई आकाशाकडे पाहून वेळ ठरवी. सरावाला प्रत्येक मुलीने अर्धा लिटर दूध आणावे असा नियम होता. ह्यांच्या घरी परवडे पावशेराच्या आसपास, म्हणून ही मुलगी कोणाला कळू न देता त्यात पाणी घाली. हे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. पुढे २०२१ साली टोकियोत भारतीय मुली चौथ्या आल्या तेव्हा राणी संघाची कर्णधार होती. मला ह्यातील पदकाच्या गोष्टीपेक्षा दुधात पाणी घालणारी ती पोर अधिक आठवते. खेळावयास दूध हवे हे शिक्षकांचे म्हणणे खरेच होते. पण ज्या घरी दूध नाही तेथे ते कोठून यावे, ह्याची तजवीज कोणीतरी करावयास हवी होती. ती त्या मुलीने एकटीने, आपल्या लाजेला पाणी घालून केली.

मुलींची आणखी एक अडचण. सायंकाळी पाच ते सात ही मैदानाची वेळ, आणि तीच पाणी भरण्याची, भाजी निवडण्याची, धाकट्याला कडेवर घेण्याची वेळ. मुलगा चप्पल घालून निघून जातो. मुलीला दहा परवानग्या लागतात. पुण्यात जन्मलेल्या एलायझा नेल्सन १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाच्या कर्णधार होत्या. अलीकडे साताऱ्याच्या फलटण भागातील वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे ह्या खेड्यातल्या मुली भारताच्या संघातून खेळल्या. झारखंडच्या सिमडेगा आणि ओडिशाच्या सुंदरगढ भागांत तर मुले-मुली बांबूच्या काठ्यांनी खेळू लागतात आणि गावच्या सामन्यांत बक्षीस म्हणून बोकड ठेवतात! सिमडेग्याच्या सलीमा टेटे अशाच काठीने खेळू लागल्या आणि २०२४ साली भारताच्या कर्णधार झाल्या. तेथे सारा गाव मैदानाच्या कडेला उभा असतो. गाव करी ते राव न करी म्हणतात ते उगीच नव्हे.

आता मी ज्या भागासाठी उभी राहिले त्याकडे येते. आपल्या खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीचा कणा दुखावून कमरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी ते १९७४ साली निघाले. ते जवान चाकांच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून जायबंदी झाले आणि त्यांनीच १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक भारताला मिळवून दिले. अशा जवानाचे नाव निघाले की आपण उभ्या राहून टाळ्या वाजवितो. आणि आपल्याच आळीतला मुलगा पाय ओढीत मैदानाकडे निघाला की म्हणतो, "अरे, तू नको जाऊस, लागेल तुला. येथे बस आणि बघ." जवानाच्या खेळात आपल्याला शौर्य दिसते, मग मुलाच्या खेळात केवळ धोकाच का दिसावा?

एका शाळेची गोष्ट माझ्या कानांवर आली. शाळेचे नाव घेत नाही. क्रीडादिनाच्या आधी तेथील बाईंनी एका मुलाच्या आईला मोठ्या प्रेमाने सांगितले, "तुमच्या मुलासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे हं." बाईंचा हेतू वाईट नव्हता. पण त्या मुलाला पहिली रांग नको होती. त्याला रांगेच्या पलीकडे, चुन्याच्या रेघेच्या आत जावयाचे होते. २०१६ साली झालेल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात खेळाविषयी स्वतंत्र कलम आहे, तिसावे. दिव्यांगांना खेळात खरोखर भाग घेता यावा, मैदाने आणि सोयी त्यांना वापरता येतील अशा कराव्या, असे त्यात सरकारवर बंधन घातले आहे. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यात शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य हवे हेही लिहिले आहे. म्हणजे आपण काही भीक मागत नाही. तरीही कायदा कपाटात राहतो आणि मूल कठड्यावर, हे आपण पाहतोच.

आमच्या आळीत असा एक अकरा वर्षांचा मुलगा आहे. जन्मापासून त्याचा उजवा हात आणि उजवा पाय कमजोर. रोज सायंकाळी तो कठड्यावर बसून दुसऱ्यांचे गोल मोजावयाचा. त्याच्या आईला मी म्हटले, "अगं, त्याला खाली उतरू दे की." ती म्हणाली, "ताई, पडला तर मी उचलीन. पण पोरे हसली तर काय करू?" ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर पोरांनीच काढले. एके दिवशी एक गडी कमी पडला आणि त्यांनी ह्याला हाक मारली. आता हॉकीची एक खुबी पाहा. स्टिकची डावी बाजू तेवढी सपाट असते आणि चेंडू तिनेच मारावा लागतो. डावखुऱ्यांसाठी निराळी स्टिक नियमात नाहीच. डावा हात मुठीच्या टोकाला धरतात, स्टिक फिरविण्याचे काम तो करतो, आणि उजवा हात खाली आधाराला असतो. म्हणजे ह्या मुलाचा जो हात धड होता तोच हॉकीत मुख्य! आखूड, हलकी स्टिक घेऊन तो डाव्या हाताने चेंडू अडवू लागला. पळणे त्याला जमेना, म्हणून त्याला पाठीमागे उभे केले. पहिल्या आठवड्यात सारे त्याला सांभाळून घेत. दुसऱ्या आठवड्यात त्याने एक सोपा चेंडू सोडला आणि पोरे त्याच्यावर अशी तुटून पडली की मी खिडकीतून ओरडणार होते. तेवढ्यात तोही तावातावाने भांडू लागला. त्याची आई माझ्या शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "आज ह्याच्याशी कोणीतरी भांडले बाई!" आणि डोळ्यांना पदर लावला. पोरे हसण्याचे राहूनच गेले.

असे खेळ जगात अनेक ठिकाणी रीतसर चालतात. माझ्या धाकटीने मोबाईलवर शोधून मला वाचून दाखविले. हॉलंडातील हॉकी क्लबांतून दिव्यांग मुलांचे गट असतात आणि ती त्याच क्लबाच्या मैदानावर, तोच गणवेश घालून खेळतात. इंग्लंडात 'फ्लायर्झ' नावाने अशीच हॉकी चालते. तेथे सर्व प्रकारच्या दिव्यांग मुलांना घेतात आणि धडधाकट मुलेही त्यांच्यात मिसळतात. विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीवरची हॉकी आहे. ज्याच्या हातात स्टिक धरण्याचेही बळ नाही त्याच्या खुर्चीच्या पुढे स्टिक बसवून देतात. बर्फावरच्या हॉकीसाठी स्वीडनमध्ये १९६० नंतरच्या दशकात बसून खेळण्याची घसरगाडी निघाली आणि १९९४ साली तो खेळ अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये गेला. मंदबुद्धी म्हणून ज्यांना बाजूला ठेवीत अशा मुलांसाठी अमेरिकेत शिकागो येथे १९६८ साली स्पेशल ऑलिंपिक्स सुरू झाले. त्यात अशी मुले आणि इतर मुले एकाच संघातून खेळतात असाही प्रकार आहे. आपल्या देशातही ते काम चालते.

हे ऐकून वाटेल की ही श्रीमंत देशांची चैन. पण त्यात पैशापेक्षा डोके जास्त आहे. आपणच पाहू या. अकरा-अकरा गड्यांच्या जागी पाच-पाच घ्यावे आणि अंगण लहान आखावे, म्हणजे पळण्याचे अंतर कमी होते. हॉकीचा खरा चेंडू दगडासारखा टणक, दीडशे ग्रॅमहून जड असतो. आरंभी टेनिसचा किंवा पोकळ प्लॅस्टिकचा चेंडू घ्यावा. ज्याला कमी दिसते त्याच्यासाठी चेंडू भडक पिवळा असावा आणि कडेच्या रेघा जाड चुन्याच्या असाव्यात. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी पंचाने शिट्टीबरोबर रंगीत फडके हलवावे. ज्या मुलाला एका वेळी एकच गोष्ट कळते त्याला एकच गोष्ट सांगावी, रोज त्याच क्रमाने सांगावी आणि जोडीला एक मित्र द्यावा. चाकाची खुर्ची मातीत रुतते, तर त्या दिवशी खेळ सिमेंटच्या ओट्यावर घ्यावा. ह्यांतील कोणती गोष्ट आपल्याला परवडण्यासारखी नाही?

आपण जेवणाची पंगत मांडतो तेव्हा काय करतो? ज्या आजोबांना दात नाहीत त्यांना मऊ भात कालवून वाढतो. ज्याला तिखट सोसत नाही त्याला साधे वरण देतो. पंगतीतून कोणाला उठवीत नाही, आणि गरीब पाहुण्याच्या पानात तूप कमी वाढले तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतो आणि ते पाप मानतो. मग मैदानावरच हा पंक्तिप्रपंच आपण कसा चालू देतो? मऊ चेंडू म्हणजे तो मऊ भात. पान मात्र सर्वांबरोबरच मांडलेले असावे.

मागील बैठकीत काही भगिनींनी शंका काढल्या, त्या रास्त आहेत. पहिली, अशा मुलाला दुखापत झाली तर जबाबदार कोण? दुखापत धडधाकटालाही होते. पोटऱ्यांना आणि दातांना कवच हवे, मऊ चेंडू हवा आणि कोणीतरी मोठे माणूस हजर हवे. ज्या मुलाला फिट येतात, हृदयाचा विकार आहे, किंवा डाउन सिंड्रोम आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात, त्यांना धक्का लागता कामा नये. डॉक्टर नको म्हणाले तर ऐकावे. पण डॉक्टरांना न विचारता आपणच नको म्हणू नये.

दुसरी शंका, चांगल्या खेळणाऱ्या मुलांचा खेळ ह्यामुळे मागे पडेल. त्यांचा सराव त्यांच्या दिवशी चालू राहील. त्याला कोणी हात लावीत नाही. आठवड्यातील दोन सायंकाळी तेवढ्या सर्वांच्या. आणि ज्या मुलाला आपल्या संथ सोबत्याच्या स्टिकवर बरोबर चेंडू नेऊन द्यावयास जमले त्याचा हात आपोआप बसला, असे मला वाटते.

तिसरी, आपल्याला हॉकीचे काय कळते? शिकविणारे खडकीत मिळतील. जुने खेळाडू गल्लोगल्ली आहेत. आपल्याला जे कळते ते निराळे आहे. कोणाच्या घरी चूल उशिरा पेटते, कोणाची मुलगी धाकट्यामुळे अडकते, कोणाचे मूल आई लपवून ठेवते, हे पंचाला ठाऊक नसते, ते आपल्याला ठाऊक असते.

आता मी माझी सूचना मांडते. वर्धापनदिनाच्या निधीतून प्रत्येक सभासद बाईला स्टीलचा डबा भेट द्यावा असा ठराव आला आहे. डबा कोणाला नको असतो? पण आपणा प्रत्येकीच्या फळीवर डबे आहेत, खरे ना? माझे म्हणणे, त्या पैशांतून मंडळात एक कपाट करावे. त्यात लहानमोठ्या स्टिका, मऊ आणि टणक चेंडू, पोटऱ्यांची कवचे आणि गोलरक्षकाचा एक पूर्ण संच असावा. दातांचे कवच मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र असावे. माळ्यांवरच्या जुन्या स्टिका मुठीला नवी पट्टी गुंडाळून त्यातच याव्यात.

कपाटाचा नियम एकच, पण तो कडक असावा. सर्व मुलांनी त्याच कपाटातून घ्यावयाचे. ज्याच्या बापाची मोटार आहे त्यानेही, आणि ज्याची आई चार घरची भांडी घासते त्यानेही. वहीत नाव लिहावयाचे, स्टिक न्यावयाची, परत आणावयाची. गरिबांची स्टिक आणि घरची स्टिक असा भेद एकदा झाला की मुलांना तो लांबून ओळखता येतो, आणि मानी मूल मग पोट दुखते म्हणून घरी बसते. स्टिकवर दात्याचे नाव रंगवू नये. साहित्य देताना मुलांना रांगेत उभे करून फोटो काढू नये. ज्यांना देणगी द्यावयाची त्यांनी पेटीत टाकावी आणि विसरून जावे.

दुसरे, खाणे. दुधाचा नियम नको. खेळ संपल्यावर भिजविलेले हरभरे, किंवा शेंगदाणे आणि गूळ, सर्वांना सारखे. पाळीपाळीने दोन-दोन घरांनी आणले तर कोणावर भार पडत नाही. तिसरे, धाकटी भावंडे. ज्या आजीबाई सायंकाळी ओट्यावर बसतात त्यांनी त्या तासापुरती चार कच्चीबच्ची सांभाळली तर चार मुली मैदानावर जातील. हे काम पैशाने होणारे नाही, म्हणून मी आजीबाईंना हात जोडून सांगते. चौथे, मैदानाच्या फाटकाशी असलेल्या दोन पायऱ्या. त्यांवर उताराची पक्की फळी बसवावी आणि मुलींसाठी शेजारचे स्वच्छतागृह त्या वेळी उघडे राहील हे पाहावे. परवानगीचा अर्ज मी लिहून आणला आहे, सह्या हव्यात.

ह्यातून उद्या कोणी ऑलिंपिकला जाईल असे आश्वासन मी देत नाही. कदाचित कोणीच जाणार नाही. तरी आपला पैसा वाया गेला असे मी म्हणणार नाही. सायंकाळी मैदानावरून येणाऱ्या आरड्याओरड्यात आपल्या सगळ्यांच्या मुलांचे आवाज ओळखू आले म्हणजे मला हिशेब मिळाला.

सप्ताहाच्या अखेरच्या दिवशी सर्वसाधारण सभा आहे. डबा की कपाट, ते तेथे हात वर करून ठरावयाचे आहे. माझ्या बाजूने मत द्या असा आग्रह करीत नाही. पण घरी जाऊन मुलांना एकदा विचारा, आणि मग या. अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहे, पेनही ठेवले आहे. ज्यांच्या माळ्यावर स्टिक असेल त्यांनी ती शनिवारपर्यंत आणून द्यावी. मोडकी असली तरी चालेल, दुरुस्त करणारे आपल्याकडे आहेत.